मावशीचं मागचं मशीन

माझी मावशी डूख धरते. तेही हसतमुखाने, शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता. तिच्याशी वाकड्यात गेलेल्याला आपलं काय झालं हे कळेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो.

तिची लॉन्ड्री बाजाराच्या टोकाला आहे. पुढे इस्त्रीचं टेबल, आत धुलाईची मशिनं आणि मागे पत्र्याखाली एक जुनाट मशीन. त्यात फक्त कंपनीच्या कामगारांचे बॉयलर सूट पडायचे. ही कंपनी वस्तीबाहेर जमिनीत खोल भोक पाडते, त्यात रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने सोडून खडक फोडते आणि वायू काढते. ते पाणी लागलेले सूट धुताना एकदा मावशीच्या हातांची सालं निघाली. तेव्हापासून ती ते कपडे रबरी हातमोजे घालून वेगळे धुवायची, आणि धुण्याचं पाणी पिंपात भरून कंपनीच्याच गाडीत परत चढवायची. दुसऱ्या कुणाच्या कपड्यांना त्यांचा वारासुद्धा लागू द्यायची नाही.

पण घरात आम्ही बोअरचं पाणी पीत होतो. त्याला वास यायला लागला, तो आम्ही हसण्यावारी नेला. दिवसभर घरी असायची ती आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण. तिच्या तोंडात फोड आले, अंगावर चट्टे उठले, मग मूत्रपिंडांनी कुरकुर सुरू केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कंपनीचं कोणतं रसायन तुमच्या बोअरमध्ये उतरलंय ते कळलं, तर नेमकं औषध देता येईल. प्रयोगशाळेलाही पाण्यात काय शोधायचं ते सांगता येईल. नाव आणा कुठून तरी."

मावशी आणि मी कंपनीच्या मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिलो.

"ते आमचं व्यवसायाचं गुपित आहे, बाई," तो सह्या करता करता म्हणाला. "नाव सांगायची कायद्याने सक्ती नाही. ती यावी म्हणून सोमवारी सुनावणी ठेवलीय काही रिकामटेकड्यांनी, तिथे मी बोलणारच आहे."

"माझी बहीण जातेय हो हातची, साहेब."

"वाईट वाटतं. पण त्या पाण्याने माणसाला काही होत नाही. अगदी अंगावर ओतून घेतलं तरी."

टेबलावरचा पेपरवेट त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. मावशी मात्र "बरं साहेब" म्हणून हसली. मला तिचाही राग आला. रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "काही होत नाही म्हणाला ना? नीट ऐकलंस ना तू?"

आता या साहेबाची एक हावरट खोड. कंपनीच्या धुलाईच्या गाठोड्यात तो घरचे कपडे खुपसून पाठवायचा. बॉयलर सुटांबरोबर त्याचे शर्ट, बनियन, बायकोच्या ओढण्या, लेकीचे फ्रॉक, सगळं एकत्र. फुकट ते पौष्टिक! आजवर मावशी ते निवडून आतल्या मशीनमध्ये धूत आली होती. त्याला कधी त्याचा पत्ताही नव्हता.

त्या आठवड्यातही तिने गाठोडं सोडलं. फ्रॉक आणि ओढण्या आतल्या मशीनमध्ये घातल्या. साहेबाचे शर्ट-बनियन सुटांबरोबर मागे.

"त्यानेच एकत्र बांधून पाठवलेत," ती म्हणाली. "मीच मूर्ख, इतके दिवस निवडत बसले."

वाळलेल्या शर्टांना तिने कडक इस्त्री केली. हातमोजे घालून घड्या मी घातल्या, आणि फार दिवसांनी मला बरं वाटलं.

शनिवारी दवाखान्यात आईला सलाइन लावलं होतं. पडद्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे डॉक्टरीणबाईंचं टेबल. साहेब आत आला तो अंगातला शर्ट ओढतच. मान, काखा, पाठ, सगळीकडे फोड. "आमचंच आहे हे, साइटवर पाहिलंय मी," तो कण्हत म्हणाला.

"कोणतं रसायन?"

तो नुसतं मलमच मागत राहिला.

"नाव कळलं नाही तर मी नुसतं धुऊन सोडेन. चुकीचं औषध लावलं तर चिघळेल."

साहेब पोपटासारखा बोलला. एक नाही, दोन नावं. डॉक्टरीणबाईंना लिहायला जमेना तर एकेक अक्षर सांगितलं, पाण्यात किती घालतात तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, त्याला मलम दिलं आणि तशाच उठून आमच्याकडे आल्या. आईचं औषध त्यांनी तिथल्या तिथे बदललं.

पडदा सरकला तशी साहेबाला मावशी दिसली. तिच्यावरून त्याची नजर स्वतःच्या शर्टाच्या इस्त्रीच्या घडीवर आली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे तुम्ही केलंत! मी पोलिसात जाईन!"

"जा की," मावशी आईच्या पायांवर पांघरूण घालत म्हणाली. "सांगा त्यांना, आमच्या पाण्याने अंगाला असे फोड येतात म्हणून. आणि सोमवारी सुनावणीत बोलणारच आहात, तिथेही शर्ट काढून दाखवा."

साहेब शर्टाची बटणं लावायला लागला. कापड पाठीला लागलं तसा कळवळला आणि तसाच बाहेर पडला. सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नावं भर सभेत मोठ्याने वाचली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मावशीने ती त्यांच्याबरोबर पाठ म्हटली.