कॅराव्हॅन ढकलायला येणारी माणसं

ये गं, अशी जवळ बस. तिकडे खुर्चीच्या काठावर टेकलीयस, जशी काही बस चुकणार आहे तुझी. औषधं आणून दिलीस ना, मग ती पर्स ठेव आधी खाली. तुम्हा मुलींना बसता येतच नाही, नुसतं टेकता येतं. बस, आमच्या कॅराव्हॅनची हकिगत सांगते.

आम्ही तेव्हा कतारमध्ये अल खोरला राहायचो, कंपनीच्या कंपाउंडमध्ये. आमचे हे गॅसच्या प्लांटवर. पहाटे कंपनीची बस ह्यांना घेऊन जायची आणि मग दिवसभर घरात मी आणि एसीची घरघर. मुलगा पुण्याला शिकायला गेलेला. फोन केला की इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. नाशिकला असते तर निदान भाजीवालीशी घासाघीस केली असती. तिथे दुपारी खिडकीतून पाहावं तर रस्त्यावर माणूस नाही. त्या उन्हात कोण फिरणार म्हणा.

अशात ह्यांच्या ऑफिसातला एक इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि ह्यांनी त्याची जुनी कॅराव्हॅन घेतली. म्हणजे चाकांवरची खोलीच. आत पलंग, शेगडी, इवलीशी मोरी. तिला स्वतःचं इंजिन नसतं, आपल्या गाडीमागे जोडून न्यायची. थंडी पडली की तिथले लोक समुद्रकाठी तंबू टाकून राहतात, तसं आपणही राहायचं, हे ह्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या घरात मला करमत नाही, आता डब्यात नेऊन बसवा.

ती ठेवायला जागा एकच, घरामागची बोळ. गाडीला जोडून उलटी आत घालावी तर तेवढी रुंदी नाही. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हातांनी ढकलून बाहेर काढायची आणि समुद्रावरून आलो की हातांनीच आत. एकट्यादुकट्याचं काम नव्हे ते. शेजारचे रत्नागिरीचे भाई यायचे, समोरच्या घरांतले पुरुष यायचे. एकजण पुढच्या लहान चाकाशी, बाकीचे मागून. डावीकडे घ्या, अहो तुमची डावी की माझी डावी, असा गोंधळ. भाईंच्या बायकोला मी आपा म्हणायचे. ती पायरीवर उभी राहून चिडवायची, की यल्ला, चला चला, गाडी राहिली जागेवर आणि तुमची पोटंच पुढे गेली. मग सगळे आमच्याकडे चहाला. मी कांदेपोहे करायचे, आपा घरून घावन आणायची. खरं सांगू, समुद्रापेक्षा मला ते ढकलणंच जास्त आवडायचं.

मग एका हिवाळ्यात ह्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, ढकलाढकली खलास. आता स्वतः कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि लोकांकडून ढकलून घ्यायचं, ह्यांना ते लाजिरवाणं वाटायला लागलं. म्हणाले, "दर वेळी लोकांना कशाला त्रास? मशीन घेऊ."

त्या मशीनला मूव्हर म्हणतात. चाकांपाशी खाली दोन मोटारी बसवायच्या. प्रत्येक मोटारीला एक रोलर, तो टायरला घट्ट टेकतो आणि फिरला की चाकही फिरतं. आपण बाजूला उभं राहून रिमोट दाबायचा.

निवडायचं काम माझ्यावर आलं, कारण दिवसभर रिकामी मीच. डिक्शनरी घेऊन माहितीपत्रकं वाचली. त्यातलं पहिलं शहाणपण हे, की वजन रिकाम्या कॅराव्हॅनचं धरायचं नाही, पाणी, सिलिंडर, भांडीकुंडी सगळं धरून मोजायचं. नाहीतर जरा चढ आला की मोटार रडायला लागते. एका जातीत रोलर टायरला टेकवायला दर वेळी खाली वाकून हँडल फिरवावं लागतं. ते स्वस्त. दुसऱ्या जातीत बटणावर आपोआप टेकतो. ह्यांना वाकायला बंदी, म्हणून मी बटणाचा घ्यायला लावला. सोबत दणकट बॅटरीही, कारण बॅटरी उतरली की मशीन म्हणजे नुसतं ओझं.

दोह्याच्या एका गॅरेजात तो बसवून घेतला. पहिल्या संध्याकाळी सगळं कंपाउंड बघायला आलं. मी हँडब्रेक सोडला, बटण दाबलं आणि ते धूड गोगलगायीसारखं बोळीतून बाहेर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कोण अभिमान! समुद्रावर त्याचा उपयोग शून्य, मऊ वाळूत चाकं जागच्या जागी रुततात. पण बोळीसाठी अगदी चोख. रोलरवर रेती बसली की तो घसरतो, म्हणून मी तो ब्रशने झाडून ठेवायचे.

पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मी पोहे भिजवले, चहाला जास्तीचं आधण ठेवलं. कोणी आलं नाही. का येतील? ढकलायला काही उरलंच नव्हतं.

त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. मग मी ती कॅराव्हॅन मुद्दाम हळूहळू काढायला लागले. थोडी पुढे, पुन्हा मागे. त्या मोटारीचा आवाज ऐकून कोणी दार उघडेल, काय चाललंय विचारेल. हे म्हणायचे, अगं, बॅटरी संपेल. तू म्हणशील बोलवायचं होतं की सरळ. पण काय म्हणून बोलवू? ढकलायला या, असं म्हणता येत होतं. मला करमत नाही, या, असं तोंडातून निघेना.

हिवाळा सरता सरता भाईंची नोकरी संपली. निघायच्या आदल्या दिवशी आपा निरोप घ्यायला आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "वहिनी, तुमची गाडी बाहेर निघायची तेव्हा मी खिडकीतच असायचे. वाटायचं, मशीन आलं, आता यांना आमची काय गरज."

मी म्हटलं, "आणि मी आत चहा उकळत तुमची वाट बघायचे गं."

ती माझा हात धरून बसून राहिली. मग उठली, सामान बांधायचं राहिलं होतं तिचं.

त्यानंतर बरीच वर्षं राहिलो आम्ही तिथे. मूव्हर शेवटपर्यंत उत्तम चालला, एकदाही कुणाला हाक मारावी लागली नाही.

आता चहा घे, निवतोय. आणि माझं ऐक, पुढच्या वेळी काही निमित्त शोधत बसू नकोस. औषधं आणायची नसू देत, बँकेचं काम नसू दे, तशीच ये. मी एकटी आहे, मला करमत नाही, म्हणून ये. लवकर ये.