भरलेल्या बाटल्या

शाळा सुटताना मी फाटकाशी उभी असते. मुलींच्या दप्तराला पाण्याच्या बाटल्या लटकत असतात. सकाळी भरून आणलेल्या, संध्याकाळी तशाच भरलेल्या. याचं कारण कुठल्याही बाईला विचारा. आमच्या शाळेत मुलींचं नवं स्वच्छतागृह 'घाण होतं' म्हणून कुलपात असतं, आणि जुन्याच्या दाराला कडी नाही.

काल तपासणी होती, म्हणून कुलूप निघालं. साबणाची नवी वडीसुद्धा आली. दुपारी साहेबांनी नववीच्या सायलीला प्रमेय विचारलं आणि तिनं ते न अडखळता सिद्ध केलं. एरवी दुपारनंतर ही मुलगी पोट दाबून बाकावर बसलेली असते. प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, 'लक्ष नसते.'

शाळा चांगली कशी ओळखायची? निकालावरून, असं सगळे म्हणतात. मला आपलं वाटतं, जिथे मुली तहान लागली की पाणी पितात, ती शाळा चांगली.

काल बाटल्या रिकाम्या होऊन घरी निघाल्या. सायली माझ्यापाशी थांबली.

"बाई, उद्या पण उघडं असेल ना?"

"असेल," म्हणाले आणि तशीच मुख्याध्यापकांकडे किल्ली मागायला गेले.

"घाण झालं तर?" त्यांनी विचारलं.

"घरचं होतं तेव्हा धुतोच ना, सर?"

त्यांनी ड्रॉवर उघडून किल्ली दिली.

आज सकाळी सायली वर्गात यायच्या आधी स्वच्छतागृहाकडे गेली. कुलूप नाही, हे डोळ्यांनी पाहिलं आणि मगच तिनं बाटलीचं झाकण उघडलं.