डाव्या हाताची तर्जनी

नऊ जून रोजी माझ्या बायकोच्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, आपले सलून विकायचे ठरवून शेजारच्या बेकरीवाल्याकडून अकरा हजार पाचशे बयाणा घेतला. बेकरीवाल्याने तो खुर्चीत बसल्याबसल्या, अर्ध्या कापलेल्या केसांनिशी दिला. पावती मी लिहिली. महिनाअखेरीस किल्ली द्यायची होती. दादाने सही केली आणि चालू गोष्ट तिथेच सोडून उरलेले अर्धे केस कापले. एरवी त्याच्या हातात कात्री असली की तोंडात गोष्ट असायचीच.

चोर, भांडखोर सासवा, चुकलेले प्रवासी असे सगळे त्याच्या दुकानात वस्तीला होते. मग त्याला दम लागू लागला. फुप्फुसे आतून घट्ट होत चालली आहेत, त्यामुळे रक्तात प्राणवायू कमी पोहोचतो, असे डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. जिना चढला की त्याचे ओठ निळसर पडत. अंघोळ स्टुलावर बसून, आणि वाकून बूट बांधणे कायमचे बंद. श्वास घ्यायची एक पद्धत त्याला शिकवली होती. नाकाने आत घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा. तेवढा वेळ कात्री हवेत थांबे आणि गोष्टही.

"चोराने कडी काढली, दार ढकललं, आणि..." इथे श्वास संपायचा. गिऱ्हाइकांना वाटे, हा मुद्दाम ताणतो.

"अरे, आमचा जीव घेतोस का आता?" निवृत्त पोस्टमास्तर म्हणायचे.

"माझाच पुरत नाही मला, तुमचा घेऊन ठेवू कुठे?" दादा फुंकर संपवून म्हणायचा.

या ताणण्यामुळे गर्दी वाढली होती. तरी दुकान विकायची वेळ आली ती बोटाला लावायच्या चिमट्यामुळे. प्राणवायू रोज संध्याकाळी मोजा, आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर ताबडतोब या, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती. मे महिन्याच्या अखेरीस आकडा घसरू लागला. शनिवारी तर एक्क्याऐंशी.

"दुकान खातंय तुम्हाला," त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या.

"दम आहे तेवढाच आहे गं. जास्त लागत नाही."

"मग यंत्र खोटं बोलतं का?"

मी वहिनींच्या बाजूने होतो. समोर आकडा असताना माणसाच्या सांगण्यावर विसंबायचे, हे माझ्या हाडात नाही. दवाखान्यात जायला दादा तयार नव्हता. एकदा खाटेवर निजवले की परत खुर्चीजवळ उभे राहू देणार नाहीत, अशी त्याला भीती होती. शेवटी दुकानच जाणार म्हटल्यावर त्याने हट्ट सोडला. बयाणा घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला घेऊन गेल्या. मी फाइल धरून मागे.

नर्स चिमटा घेऊन आली. दादाने सवयीने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली.

"नखाला हे काय लागलंय? शाई?"

"केसांचा रंग. धुऊन जात नाही."

"मग ते बोट नको. नखावर रंग असला की यंत्र फसतं. उजवा हात द्या बघू."

उजव्या हातावर आकडा एक्क्याण्णव आला. तिने पुन्हा डावी तर्जनी चिमट्यात घातली, तर ब्याऐंशी. वहिनी खुर्चीत बसल्या.

उलगडा दादानेच केला. ब्रश धरायच्या उजव्या हातात तो हातमोजा घाली आणि डाव्या हाताच्या उघड्या बोटांनी केसांच्या बटा वेगळ्या करी. घरी मोजताना कात्रीच्या हाताला कशाला चिमटा, म्हणून डावे बोट. लग्नसराई असल्याने केस रंगवून घेणारे वाढले होते, त्यातून शनिवार म्हणजे रंगाचाच वार.

"किती वर्षं सांगतेय, दोन्ही हातांत मोजे घाला," वहिनी म्हणाल्या. डोळे पदराने पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"मोज्यातून केस कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी नुसत्या बोटावर भागवले नाही. मनगटातून रक्त काढून तपासले, दादाला बाहेरच्या बोळातून चालवून पाहिले. आजार होता आणि राहणार होता, पण वाढलेला नव्हता. चालताना मात्र आकडा खरोखरच उतरत होता. काम करताना नळीतून प्राणवायू घ्यायचा, बसून कापायचे, रंगवायचे काम बंद.

"पण दुकान विका असं मी कधी म्हटलं?" त्यांनी विचारले.

"तर्जनी म्हणाली," दादा म्हणाला.

प्राणवायूचे यंत्र भाड्याने घेतले. त्याच्या अनामतीत बयाण्यातला बराचसा भाग गेला. बेकरीवाल्याकडे कसे बोलायचे, याची मी वाटेत जुळवाजुळव केली होती. तो कणीक मळत होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"भट्टी पुढच्या वर्षी वाढवीन," तो म्हणाला. "पैसे सवडीने द्या. पण त्या दिवशी माझे केस कापताना गोष्ट अर्धवट ठेवलीत. चोराने दार ढकललं, मग?"

"दुकानात या," दादा म्हणाला.

यंत्र गरम हवेच्या ब्लोअरपासून लांब, कोपऱ्यात ठेवले. नळी पायात येऊ नये म्हणून छताच्या हुकावरून खाली सोडली. पोस्टमास्तरांची सिगारेट दुकानाबाहेर, तीही पायरीच्या पलीकडे. दादा चाकाच्या स्टुलावर बसून खुर्चीभोवती फिरू लागला. पहिल्या सकाळी बाकावर जागा उरली नाही. बेकरीवाला पिठाच्या हातांनी दारात उभा होता.

"चोराने दार ढकललं," दादाने सुरुवात केली. फुंकर. कोणी हलले नाही. "आत दिवा लावला." फुंकर. "आणि पाहतो तर काय, समोर त्याचीच बायको. अंधारात स्वतःचंच घर फोडलं होतं गड्याने."

पोस्टमास्तर अर्ध्या दाढीच्या फेसासकट हसले. दादाही हसला, मनसोक्त, पुरेसा श्वास घेऊन.

"आता मोजा," वहिनी म्हणाल्या.

त्याने कात्री खाली ठेवली आणि उजवा हात पुढे केला. आकडा ब्याण्णव.

बेकरीवाल्याचे सातशे अजून द्यायचे आहेत.