ऐन मळणीत काटा मेला

ऐन मळणीत आमच्या काकांच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा काटा मेला. इंजिनाचे फेरे दाखवणारा तो काटा आधी भूत लागल्यासारखा थरथरला, मग शून्यावर जाऊन पडला. इंजिन मात्र ठणठणीत धडधडत होतं.

गावात बाकीचे कानावर ट्रॅक्टर चालवायचे, काका काट्यावर. काटा हिरव्या खुणेवर असला की मळणीयंत्र बरोबर फिरतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. काटा गेल्यावर त्यांनी अंदाजानं थ्रॉटल ओढला आणि यंत्र असं सुसाट सुटलं, की भुशाबरोबर ज्वारीही उडून बांधापलीकडच्या शेळ्यांपुढं पडायला लागली. शेळ्यांची चंगळ. काकू ओरडत सुटली, "बंद करा! आवो, बंद करा!" काका तिच्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं, ती कौतुक करायलीय.

ताडकळसचा मिस्त्री मोटारसायकलवरून आला. त्यानं मीटरच्या काचेला दोन टिचक्या मारल्या. "मीटर गेलं. नवं बसवा."

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता. मीटरसाठी परभणी गाठायची म्हणजे मळणी लांबणार.

काकू म्हणाली, "टिचक्या मारून रोग कळत आसता तर मीच डाक्टर झाले आस्ते. उघडून बघा की."

उघडलं. इंजिनापासून मीटरपर्यंत एक केबल येते. तिच्या आतली तार फिरते, म्हणून काटा हलतो. आम्ही मीटरकडचं टोक सोडवलं आणि काकांना इंजिन चालू करायला लावलं. तार फिरली असती तर मीटर दोषी. तार ढिम्म.

"मग इंजिनातला गिअर गेला," मिस्त्री नव्या उत्साहानं म्हणाला.

मी तार ओढली, तर अर्धीच हातात आली. ती केबलशेजारी धरून पाहिली. तुटल्याची जागा नेमकी मीटरखाली ठोकलेल्या नरसिंहाच्या पितळी पत्र्यामागं. पोखर्णीच्या देवळातून आणलेला तो पत्रा काकांनी स्वतः लांबलचक स्क्रूनं बसवला होता, आणि स्क्रूचं टोक केबलमध्ये घुसून तार घासत होतं.

"देवानंच काटा मारला म्हणायचा," मिस्त्री म्हणाला.

"देवाच्या नावावर घालू नका. स्क्रू ह्यांनी पिळलाय," काकू म्हणाली आणि घराकडं गेली.

मिस्त्री ताडकळसहून तार आणायला गेला. मी काकांना विचारलं, "एवढं काट्याचं काय घेऊन बसलात? आवाजावर चालवा की."

काकू लांब गेल्याची त्यांनी खात्री केली. "आवाज कुठं येतोय रे आता? इंजिन मला कानाला न्हाई, बुडाला कळतंय. तुझ्या काकूला सांगू नको."

मी हसायला गेलो, पण जमलं नाही. काकूला ते केव्हाच ठाऊक होतं, हे मला पुढं कळलं. गाव तिला भांडकुदळ म्हणायचं. ती बिचारी फक्त नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची.

दुपारी तार बसली. पत्रा मडगार्डवर गेला, आखूड स्क्रूनं. काटा चढत चढत हिरव्या खुणेवर येऊन थांबला. ज्वारी मुकाट्यानं पोत्यात पडायला लागली आणि काकांची छाती फुगली.

जेवणवेळेला काकूनं हाक मारली नाही. चालत आली, हात लांबवून थ्रॉटल खाली केला. काटा उतरताना काकांना दिसला, आणि ते धोतर झटकत खाली उतरले.