मी विनंती केलेली नाही

“सिट,” ती बाई माझ्या मुलीला म्हणाली. मला नाही म्हणाली.

टेबलासमोर एकच खुर्ची होती. दुसरी भिंतीला लावलेली, तिच्यावर फायलींचा गठ्ठा. तनू माझ्याकडे बघायला लागली. तेरा वर्षांची पोर ती. आई उभी असताना आपण कसं बसायचं हे तिला कळेना. “आई, तू बस,” ती म्हणाली. बाईनं पेन टेबलावर आपटलं. “आय टोल्ड यू टू सिट.” पोर बसली. मी तिच्या मागे उभी राहिले, हातात पिशवी, पिशवीत तिची प्रगतिपुस्तकं.

मग बाई म्हणाली, “टेल युअर मदर.” आणि पुढचं सगळं तनूकडे बघून बोलली, इंग्रजीत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तरी माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं ते मी तिथं नसल्यासारखं. तिला हे सांग. तिला ते सांग. तिला कळतंय का बघ.

मला कळत होतं. सगळं कळत होतं.

मी जिदहफ्सच्या बाजारात एका लेडीज टेलरिंगच्या दुकानात अबाया, इथल्या बायकांचे काळे पायघोळ झगे, शिवते. नवरा एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. आम्ही चिपळूणकडचे. बहरीनमध्ये येऊन चौदा वर्षं झाली, तनू इथलीच. तिची शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला होती, भाड्याच्या दुमजली इमारतीत. मैदान नाही, हॉल नाही. पण तिथल्या बायांना प्रत्येक पोराचं नाव पाठ होतं. ड्रायव्हर, सुतार, सेल्समन, हॉस्पिटलातल्या आया, अशा लोकांची पोरं तिथं शिकायची.

मग नवा नियम आला. लहान शाळा बंद करायच्या, शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. मोठी शाळा हायवेच्या पलीकडे. पोहण्याचा तलाव असलेली. नोटीस इंग्रजीत आणि अरबीत होती. इंग्रजी मी वाचली. अरबी मात्र आमच्या दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या बहरीनी गिऱ्हाईक बाईकडून वाचून घेतली, म्हटलं दोन्हीकडे एकच लिहिलंय ना बघावं. तिनं एका ओळीवर बोट ठेवून मला दोनदा सांगितलं, “नफ्स अस्सफ.” म्हणजे तोच वर्ग. सातवी झालेल्या मुलाला आठवीतच घ्यायचं. परीक्षा नाही, अट नाही. नियम चांगला होता. मी पेढे वाटले नाहीत एवढंच.

इंग्रजी मला कुणी शिकवलं? तनूनंच. तिला कळलं नाही. पहिलीपासून ती अभ्यासाला बसली की मी शेजारी काजं-बटणं करत बसायची. ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकायची. ती शाळेत गेली की तिची पुस्तकं मी परत वाचायची. सात वर्षांत तिच्या सात इयत्ता माझ्याही झाल्या. बोलायला मात्र जीभ वळत नाही. म्हणून बँकेत, दवाखान्यात, सीपीआर कार्डाच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या, खिडकीवर तीच माझ्यासाठी बोलायची, मी लांब बाकावर बसायची. सोयीचं होतं. चूक माझीच आहे ती, मी नाकारत नाही.

तर त्या मोठ्या शाळेच्या ऑफिसातल्या बाईनं आमचा अर्ज उचलला. तिचं बोट आडनावावर थांबलं. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, आणि परत खाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आडनावावर थांबायला ते आडनाव ओळखीचं असावं लागतं.

बाई म्हणाली, तुमच्या शाळेतून आलेल्या मुलांचा दर्जा आम्हाला माहीत आहे. यांना आम्ही आमच्या मुलांबरोबर बसवू शकत नाही. तिला सांग, तुम्हा लोकांची शिफ्ट दुपारी असेल, मागच्या इमारतीत, मागच्या गेटनं.

तनू माझ्याकडे वळली. “आई, मॅडम म्हणतायत दुपारची शाळा आहे. सकाळी झोपायला मिळेल.”

बाईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मला वाटलं, पोरीचं कौतुक वाटलं असेल.

मग बाई म्हणाली, आमच्या पालकांच्या तक्रारी सुरू झाल्यात. लेबर फॅमिलीतली मुलं येणार, त्यांची भाषा, त्यांच्या सवयी. तिला सांग, डब्यात सुकी मासळी वगैरे पाठवायची नाही. वर्गात वास राहतो.

“आई, डब्यात पोळी-भाजी द्या म्हणतायत. हेल्दी असतं.”

मी तनूच्या मानेकडे बघत होते. वेणीखाली तिची मान लाल झाली होती. आवाज मात्र सरळ. जरासुद्धा कापला नाही. एवढ्या सफाईनं खोटं बोलायला ही कधी शिकली? दवाखान्यात, बँकेत, असं किती वेळा माझ्यासाठी गिळलं असेल हिनं? मला वाटायचं लोक माझ्याशी चांगलंच बोलतात. पोरगी साखर घालून देत होती आणि मी पीत होते.

बाई म्हणाली, पालक सभेला तिनं येण्याची गरज नाही. सगळं इंग्रजीत असतं, तिलाच अवघडल्यासारखं होईल.

“तू कामावर असतेस ना आई, मीटिंगला नाही आलीस तरी चालेल म्हणतायत.”

मी गप्प होते. का गप्प होते? भीती, दुसरं काय. ॲडमिशन तिच्या हातात. आपलं तोंड उघडलं आणि पोरीचं नुकसान झालं तर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी बाईनं एक छापील कागद पुढे सरकवला. खाली सहीची रेघ. तिला सांग, इथं सही कर. मी उभ्या उभ्या वाचला. माझ्या स्वतःच्या विनंतीवरून माझ्या मुलीला पुन्हा सातवीत बसवावं, असं त्यात होतं. नियमाप्रमाणे त्यांना मागे बसवता येत नव्हतं. म्हणून विनंती आम्ही करायची. आमच्याच हातानं आमचंच नाक कापायचं आणि वर लिहून द्यायचं की आम्हाला हौस होती.

तनूनंही वाचला. तिला वाचायला क्षणसुद्धा लागला नाही. तिचा एक हात टेबलाच्या कडेवर होता, तो तिनं मांडीवर घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, ॲडमिशनची सही आहे. कर ना. चल, जाऊया.”

एक वर्ष. पोरगी एक वर्ष देऊन टाकायला निघाली होती. कशासाठी? तर त्या खोलीतून आईला बाहेर काढता यावं म्हणून.

मी पेन घेतलं. खरं सांगते, घेतलं. तेवढ्यात बाईचा फोन वाजला.

“हं, बोल आई,” बाई म्हणाली. “अगं, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करायला सांग तिला. आणि वरणात चिंच नको म्हणावं, आमसूल घाल. आलेच मी.”

स्वच्छ मराठी. पुण्याकडचं, घासूनपुसून.

मला आधी काही सुधरलंच नाही. मग एकेक करून लक्षात आलं. तनूनं जे जे गोड करून मला सांगितलं, ते ते या बाईनं ऐकलं होतं. पोर आईची अब्रू झाकायला धडपडतेय हे तिला शब्द न शब्द कळत होतं. तरी ती बोलत राहिली. पुढचं वाक्य आणखी कडू बोलायची आणि पोर ते कसं गिळते ते बघायची. ते हसू कौतुकाचं नव्हतं. त्या खोलीत तिघींनाही दोन्ही भाषा येत होत्या, आणि मध्ये एक लेकरू विनाकारण चिरडलं जात होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण का कोण जाणे, मला त्या क्षणी माझी आये आठवली. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला. आये शाळेच्या पायरीखाली उभी, गुरुजी दारात, मी मधल्या पायरीवर. गुरुजी मला म्हणाले, “तुझ्या आईला सांग, पोरीला असल्या कपड्यात पाठवायची असेल तर पाठवू नकोस.” मी वळून म्हटलं, “आये, गुरुजी म्हणतात मी हुशार हाय.” आये चार हातांच्या अंतरावर होती. बहिरी नव्हती. ती “बरं” म्हणाली आणि माझा हात धरून चालायला लागली. मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाही. मला वाटायचं मी तिला वाचवलं.

मी पेन खाली ठेवलं.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्हाला मराठी येतं.”

बाईचा चेहरा जरा हलला. मग ती तनूला म्हणाली, इंग्रजीतच, तुझ्या आईला सांग, ऑफिसात आवाज चढवायचा नाही.

तनूनं तोंड उघडलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “नको सांगूस गो. मला कळलं. सगळं कळलंय, पहिल्यापासून.”

पोरीनं वर बघितलं. तो चेहरा मला विसरता येत नाही. तिला आनंद झाला नाही. ती घाबरली. इतक्या वर्षांचं तिचं झाकणं उघडं पडलं होतं.

मी बाईला म्हटलं, “या कागदावर लिहिलंय माझ्या विनंतीवरून. मी विनंती केलेली नाही. नियमात तोच वर्ग लिहिलाय, इंग्रजीत लिहिलाय आणि अरबीतही लिहिलाय. तुम्हाला माझी मुलगी मागे बसवायची असेल तर तुमच्या सहीनं बसवा. तुमचं नाव लिहा खाली.”

बाई म्हणाली, “विचार करा. नंतर जागा राहणार नाही.” हे मराठीत म्हणाली. एकदाचं.

“आणि सुकी मासळी आम्ही खातो,” मी म्हटलं. “ते तिनं तुम्हाला सांगायचं राहिलं.”

मी तो कागद उचलला आणि बाहेर आले. बाहेर बाकावर आमच्याच शाळेचे पालक रांगेनं बसलेले, प्रत्येकाच्या शेजारी एक पोर. दुभाषी सगळे. मी हिंदीत मोठ्यानं वाचून दाखवलं कागदात काय आहे ते. वॉचमन “यल्ला, यल्ला मॅडम” करत हाकलायला आला, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक फिटरभाऊ म्हणाला, “एक साल से क्या होता है, बहनजी?” आणि नंबर आल्यावर आत गेला. वसईची एक बाई होती, हॉस्पिटलात आया आहे. ती म्हणाली, “माझी सही झाली. मला मुलगा म्हणाला बसचा फॉर्म आहे.” तिचा मुलगा जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, “जा, परत माग.” ती गेली. कागद मिळाला नाही. दिलेला फॉर्म परत मिळत नाही म्हणे. पण ती येताना रडत नव्हती. तिनं माझा नंबर घेतला, आणि तिच्या मागून आणखी दोघींनी घेतला.

घरी नवरा डोक्याला हात लावून बसला. “हात दाखवून अवलक्षण कशाला? कंपनीपर्यंत गेलं तर? आपण परक्या देशात आहोत.” मी म्हटलं, परक्या देशाच्या नियमानं मला तोच वर्ग दिलाय. काढून घेणारी आपलीच निघाली. तो म्हणाला, “आपलेच दात, आपलेच ओठ.” मी म्हटलं, मग चावू द्यायचं का? तो वाईट नाही. त्यालाही आयुष्यभर कुणीतरी उभंच ठेवलंय.

तनू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, इंग्रजीत, तू सगळं आणखी बिघडवलंस, आता ते माझा राग करतील. मी म्हटलं, एरवीही करतातच. मग मी तिला विचारलं, दवाखान्यात ते लोक काय म्हणायचे गं? बँकेत तो काय म्हणायचा? ती म्हणाली, “जाऊ दे ना.” मी म्हटलं, नाही, सांग. तिनं सांगितलं. हळूहळू, एकेक. मी ऐकलं सगळं. ती रडली, मी नाही रडले. मला रडू येत नव्हतं, चीड येत होती, आणि ती अजून तशीच आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातल्या त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन मी शिक्षण खात्यात तक्रार दिली. अरबीत तिनं सांगितलं, मी शेजारी बसून. राहिलं तिथं माझ्या तोडक्यामोडक्या अरबीत मीच घातलं. तो कोरा फॉर्म सोबत जोडला. उत्तर आलेलं नाही. इंशाल्ला म्हणाले. येईल किंवा येणार नाही.

रविवारी शाळा सुरू होते, इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. मोठ्या शाळेचं पुढचं गेट सकाळी उघडतं, मागचं दुपारी. आम्ही सकाळी जाणार. आठवीची पुस्तकं घेऊन जाणार. वसईची बाई येते म्हणाली, तिच्या मुलाला घेऊन. बाकीच्यांचं माहीत नाही. वॉचमन अडवेल. अडवू दे. मी दुकानात रजा सांगितली आहे, किती दिवसांची ते सांगितलेलं नाही.

आणि तनूला मी सांगून ठेवलंय. त्या गेटवर कुणी काहीही म्हटलं तरी तिनं एक शब्द बोलायचा नाही, ना त्यांच्यासाठी, ना माझ्यासाठी. इंग्रजीत बोलू देत, नाहीतर मराठीत. ज्याला माझा अपमान करायचा आहे त्याला तो माझ्या डोळ्यांत बघून करावा लागेल. मधे माझी मुलगी उभी असणार नाही.