योकोहामाला नेलेली भाकरी

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी जपानला गेलो. चौथी शिकलेला माणूस जपान बघून आला म्हटल्यावर लोक अजून हसतात. हसू देत. सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात मी जॉबर होतो, म्हणजे माग अडला की हाक मारायचा माणूस. मालकाला तिकडचे माग घ्यायचे होते. "मामा, मला मशीनची किंमत कळते, आवाज कळत नाही. तुम्ही चला," म्हणाला. मालक वयानं माझ्यापेक्षा लहान. घरात तेलुगू बोलायचा, आमच्याशी आमच्यासारखं.

जायचं ठरलं तेव्हा आमची ही जिवंत होती.

"तितली लोकं कच्चं मासं खात्यात म्हनं. तुमी काय खानार, मशीन?" असं म्हणून तिनं भाकऱ्या करायला घेतल्या. कडक भाकऱ्या. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, वर तीळ दाबलेले. तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभ्या करायच्या आणि वाळवायच्या. महिना-दोन महिने त्यांना काही होत नाही. पत्र्याच्या डब्यात चळत लावली, वर शेंगाचटणीची पुडी ठेवली. ही मैंदर्गीची, माहेर कानडी. झाकण लावताना मला म्हणाली, "ऊटा माड्री." म्हणजे जेवून घ्या. मी म्हणालो, "आजून इमान कुटाय?"

विमान लांबलं. कागद कुठंतरी अडकले. त्या मधल्या दिवसांत हिला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले, जेवण तुटलं, गेली. त्यात सांगण्यासारखं जास्त काही नाही.

दहाव्याला भीमेच्या काठी आमच्या पोरानं पिंड ठेवला. शेजारी शिरा ठेवला, बुंदीचा लाडू ठेवला, वाटीत गुळाचा चहा ठेवला. कावळे बाभळीवर बसले होते. खाली येईनात. माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ, पुढं झाला आणि हात जोडून कबूल करायला लागला.

"आक्का, पोराचं लगीन म्या लावून देतो. काळजी करू नगं."

कावळा हलला नाही.

"आक्का, दाजीस्नी एकटं टाकत न्हाय."

नाहीच. ऊन डोक्यावर आलं. चहावर माशा बसायला लागल्या. मेव्हणा माझ्याकडं वळला.

"दाजी, तुमी बोला की. तिचा जीव तुमच्यातच आडकला आसंल. जपानला जात न्हाय म्हना."

मी म्हणालो, "जात न्हाय."

कावळ्यानं पंखात चोच खुपसली. शेवटी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि अंघोळी करून आम्ही घरी आलो. कावळा शिवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नसतं. आम्ही दर्भाच्या कावळ्यावर जेवलो.

पुढं कागद आले. मालक घरी येऊन म्हणाला, "मामा, घरात बसून काय करणार?" मी त्याला नदीवर दिलेल्या शब्दाचं सांगितलं. मेव्हणा तिथंच सुपारी कातरत बसला होता. तो म्हणाला, "कावळा शिवलाच न्हाय, मंग शबद कशाचा लागू?" कोर्टात बोलल्यासारखं बोलला. मला बसणं आणि जाणं सारखंच होतं. पिशवीत डबा घातला आणि गेलो.

माग बघितले. चांगले होते. रात्री खोलीवर एक भाकरी मोडायची, चटणी लावायची, वर पाणी. मालक पण मागून न्यायचा. म्हणायचा, "मामा, इथला भात चिकट, चमच्याला सोडत नाही." डब्यात एकच भाकरी उरली तेव्हा मी हात आवरला. ती घरी परत न्यायची ठरवली. तिच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. लुगडी होती, पण लुगडी दुकानातली.

निघायच्या आदल्या दिवशी मशीनवाल्यांचा साहेब आम्हाला योकोहामाचं बंदर दाखवायला घेऊन गेला. त्याला इंग्रजी थोडं, मालकाला थोडं, मला काहीच नाही. माझ्यापर्यंत येईस्तोवर गोष्ट पाव उरायची. भाकरी मी रुमालात बांधून खांद्याच्या पिशवीत घेतली होती. खोली झाडणाऱ्या बाईनं चटणीचा कागद कचरा म्हणून टाकून दिला होता. भाकरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

समुद्राच्या कडेनं लांबच लांब बाग. गुलाब, बाकं, पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची पोरं. टोपी आणि कोट घातलेली म्हातारी जोडपी शेजारी शेजारी बसून पाण्याकडं बघत होती. बोलत नव्हती. साहेब बोट करील तिकडं मी बघत होतो. एक उंच मनोरा होता, लिफ्टच्या पाळण्यातून वर नेलं. वरून जहाजं मागाच्या धोट्यासारखी दिसत होती, इकडून तिकडं, सरळ. मालक दुर्बिणीला डोळा लावून ओरडला, "मामा, या की! नाणं टाकलं की समुद्र दिसतो."

"नाणं न टाकता बी दिसतोय की."

"तुमच्याबरोबर फिरणं म्हणजे..." म्हणाला आणि साहेबाकडं बघून हसला. साहेबही हसला. त्याला काही कळलं नव्हतं.

खाली उतरलो तेव्हा एका जहाजाचा भोंगा झाला. माझा हात खांद्यावरच्या टॉवेलकडं गेला, कारखान्याची पाळी सुटल्यासारखा. टॉवेल नव्हता. दुसरं एक जुनं जहाज काठाला कायमचं बांधून ठेवलं होतं, तिकीट काढून लोक आत बघायला जात होते. मालकानं मला त्याच्यापुढं उभं करून फोटो काढला. "हसा की जरा." मी दात दाखवले. मग ते दोघं जहाजात गेले. मी म्हणालो, गुडघं दुखतात. दुखत नव्हते. मी बाकावर बसलो.

तिथं बसून मला काही वाटायला पाहिजे होतं. एवढं लांब आलो, एवढं पाणी. हिप्परग्याच्या तलावाला पलीकडचा काठ असतो, ह्याला नव्हता, एवढंच डोक्यात आलं. भाकरी मोडली तर नाही ना बघायला रुमाल मांडीवर सोडला. कडेचा एक तुकडा गेला होता. बाकी अख्खी होती. तीळसुद्धा जागच्या जागी होते.

मागून काहीतरी खांद्यावर आदळलं. काळं. आपला मानेला राखाडी असतो तसा नाही, सगळा काळा, डोमकावळ्यापेक्षा मोठा. मांडीवरची भाकरी चोचीत धरली. कटकन मोडली. मोठा तुकडा घेऊन तो उडाला आणि जहाज बांधलं होतं त्या जाड साखळीवर जाऊन बसला.

मी उठलो. "हाट! हाट!" म्हणत पायातला बूट काढला. पण फेकायला हात उठेना. कावळा पायाखाली भाकरी धरून टोचत होता. सावकाश. घाई नव्हती त्याला. चुरा पाण्यात पडत होता. पिवळ्या टोपीची पोरं माझ्याकडं बघत होती, एका पायात बूट, एक हातात. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा शिवलाय. बूट खाली ठेवला. उभा होतोच, हात जोडले.

मालक आणि साहेब धावत आले. साहेब कमरेत वाकून वाकून काहीतरी म्हणत होता.

"मामा, हा माफी मागतोय. कावळ्याच्या वतीनं," मालक म्हणाला आणि हसणार तेवढ्यात त्यानं माझे हात बघितले. मालकाच्या लोकांतही दहावं असतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. हळूच विचारलं, "काय कबूल केलंत?"

"कायबी न्हाय. त्यानं बोलायला येळच दिला न्हाय."

साहेबानं धावत जाऊन माझ्यासाठी एक पाव आणला. आत गोड कसलंतरी सारण होतं. मी तो सगळा खाल्ला. चव कळली नाही, पण कावळा शिवल्यावर जेवायचं असतं म्हणून खाल्ला. रुमालात राहिलेले तुकडे डब्यात घातले. विमानात ते पण चुरा झाले.

घरी आल्यावर मेव्हणा भेटायला आला. जपानात काय काय बघितलं, विचारलं. मी मनोरा सांगितला, जहाज सांगितलं, मग कावळ्याचं सांगितलं. त्यानं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"तितला कावळा आपल्याला चालतो का पर?"

"म्या काय त्याला गाव इचारलं न्हाय."

"बरं. मंग काय कबूल केलं तवा शिवला?"

"काय न्हाय म्हनलं की."

"मंग कशावर शिवला?"

"भाकरीवर," मी म्हणालो. "आपन नदीवर शिरा ठेवला, लाडू ठेवला. भाकरी कुनी ठेवलीच न्हवती."

मी उठून चहाला आधण ठेवलं.