न उघडलेला एक्सल

अमेरिकेतल्या ओहायोत, लायमा शहराच्या दक्षिणेला मक्याच्या शेतांमध्ये व्हर्लिन हेवरकॅम्पचं गॅरेज आहे. तिथे जुन्या गाड्यांच्या फक्त मागच्या एक्सलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या आसाचं काम होतं. इंजिनाचं काही विचारलं तर तो सरळ बाहेरचा रस्ता दाखवतो. माणूस तिरसट, पण एक्सलच्या बाबतीत आसपासच्या चार जिल्ह्यांत त्याचा शब्द शेवटचा. "माझ्या गाडीला लिमिटेड-स्लिप आहे का?" असं विचारत कोणी आलं, की तो दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलतो, गाडी न्यूट्रलला टाकतो आणि एक चाक हाताने फिरवतो. पलीकडचं चाक त्याच दिशेने फिरलं तर आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. उलटं फिरलं तर साधा एक्सल, म्हणजे एक चाक बर्फात घसरलं की सगळा जोर तिकडेच वाया आणि दुसरं मख्ख उभं. पण तेवढ्यावर तो कोणाला जाऊ देत नाही. "आतल्या प्लेटा झिजल्या असतील तर लिमिटेड-स्लिपसुद्धा उलटा फिरून थाप मारतो," असं बजावून तो एक्सलचं कव्हर उघडायलाच लावतो.

हा नियम त्याने एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या बापाच्या गाडीवर.

बाप, एमिल, फाउंड्रीत भट्टीवर होता. सत्तर साली त्याने नवी गाडी घेतली, ती खास लिमिटेड-स्लिप मागवून. जन्मात केलेली एवढीच चैन, त्यामुळे तिचं कौतुक दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता ऐकावं लागे. अठ्ठ्याहत्तरच्या हिमवादळात अख्खी गल्ली अडकली, पण माझी गाडी निघाली! पोरं एकमेकांकडे बघून हसायची. व्हर्लिन म्हणायचा, "डॅड, डिकीत वजनाला वाळूची चार पोती होती, त्यांचे आभार माना."

नऊ वर्षांपूर्वी लेबर डेच्या सुट्टीच्या जेवणाला सगळे अंगणात जमले होते. भाजलेली सॉसेजेस चघळत मेहुण्याने काडी टाकली, "एवढा तज्ज्ञ घरात आहे, लाव की एकदाचा निकाल!"

व्हर्लिनने जॅक लावला, चाक फिरवलं. पलीकडचं उलटं फिरलं. लिमिटेड-स्लिप असला की कव्हरच्या बोल्टखाली खुणेची पत्र्याची पट्टी असते, तीही नव्हती.

"साधा आहे, डॅड. सेल्समनने टोपी घातली तुम्हाला."

"कव्हर उघडून बघ ना," एमिल म्हणाला. "मी मागवला होता रे."

"उघडायचंय कशाला? एवढं काय मला कळत नाही?"

सगळे खो खो हसले. एमिलने ताटली खाली ठेवली आणि तो घरात गेला. त्यानंतर त्याने गाडीला कोणाला हात लावू दिला नाही, आणि वादळाची गोष्टही पुन्हा काढली नाही. खरं सांगायचं तर घरच्यांना हायसंच वाटलं.

या वसंतात, एक्क्याण्णवाव्या वर्षी, एमिलला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. त्याला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. घर रिकामं करताना गाडी व्हर्लिनच्या गॅरेजात आली. कव्हरच्या गॅस्केटमधून तेल गळत होतं, म्हणून त्याने कव्हरचे दहा बोल्ट काढले. काळंकुट्ट तेल ट्रेमध्ये उतरलं आणि आत, मधोमध, लिमिटेड-स्लिपची वाकडी स्प्रिंग दिसली. साध्या एक्सलमध्ये ती नसतेच. तिच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटा झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. पण होत्या.

तो स्टुलावर बसला. गिऱ्हाइकाच्या भंगार गाडीचं कव्हर उघडतो आपण, आणि बापाने तोंड उघडून सांगितलं तरी उघडलं नाही. त्याला स्वतःची किळस आली.

दोन दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. नव्या प्लेटा खास तेलात भिजवल्या, एकेकीची जाडी मोजून बसवल्या. चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आठाच्या आकड्यात गाडी हळूहळू फिरवून त्यांना एकमेकींशी सरावू दिलं. आणि रविवारी सकाळी तो गाडी घेऊन थेट वृद्धाश्रमात पोचला.

नर्सने व्हीलचेअर बाहेर आणली. व्हर्लिनने चाकं जॅकवर उचलली आणि एक फिरवलं. पलीकडचं निमूटपणे त्याच दिशेने फिरलं.

"बघा डॅड. दोन्ही एकाच दिशेला."

एमिलने वाकून चाकाकडे बघितलं. मग त्याचा चेहरा खुलला.

"छान काम केलंय तुम्ही," तो म्हणाला. "माझीही अशीच गाडी होती. पण तिला हे नव्हतं. मला उगाच वाटायचं, आहे म्हणून. लोकांना सांगत सुटायचो."

"होतं, डॅड! पहिल्या दिवसापासून होतं. ह्या बघा तुमच्या जुन्या प्लेटा." व्हर्लिनने त्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. "तुमचा मुलगा चुकला. गाढव आहे तो. त्याने उघडून बघितलंच नाही."

एमिलचा चेहरा कठोर झाला. त्याने प्लेटा उचलून परत दिल्या.

"तोंड सांभाळून बोला, मिस्टर," तो म्हणाला. "या धंद्यात माझ्या पोराच्या तोडीचा माणूस नाही. तो नाही म्हणाला ना, मग नव्हतंच." आणि नर्सकडे वळून म्हणाला, "मला आत न्या. या माणसाशी मला बोलायचं नाही."